ब्लॅकबर्ड नावाची वाट

सांगलीला गावभागात माझ्या मामाची व्हिडिओ लायब्ररी होती. रविवारी दुपारी दुकानाचं अर्धं शटर ओढून तो आम्हा भाच्यांना इंग्रजी पिक्चर दाखवायचा. इंग्रजी आम्हाला कळत नव्हतं, मामाला बऱ्यापैकी कळायचं, म्हणून तो शेजारी बसून मराठीत सांगत जायचा. ‘यंग गन्स २’ हा १९९० सालचा चित्रपट मी असा मामाच्या आवाजात पाहिलेला आहे. बिली द किड, अमेरिकेतला एकोणिसाव्या शतकातला तरुण बंडखोर गुन्हेगार, आणि त्याचे साथीदार जीव घेऊन पळतायत, शेरीफ पॅट गॅरेट मागे लागलाय, आणि बिली सगळ्यांना सांगतो की मेक्सिकोला जाणारी एक गुप्त वाट आहे, ‘मेक्सिकन ब्लॅकबर्ड’. त्या वाटेच्या भरवशावर माणसं त्याच्यामागे जातात आणि एकेक करून मरतात. ती वाट मुळात नसतेच. बिलीला मेक्सिकोला जायचंच नसतं. तिथे मामा दर वेळी टेप थांबवायचा आणि म्हणायचा, “बघ, हा पळत नाहीये.”

आता मामा एकोणसत्तर वर्षांचा आहे. माझ्याकडे डॅलसला दोन महिन्यांसाठी आला तेव्हा मी न्यूयॉर्क-नायगराचा बेत आखत होतो. तो म्हणाला, “ते राहू दे. मला लिंकन दाखव.” म्हणजे न्यू मेक्सिकोतलं बिलीचं ते गाव. मग एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही निघालो. तारखा मुद्दाम त्या धरल्या, कारण २८ एप्रिलला आम्हाला लिंकनमध्ये असायचं होतं.

पहिला दिवस : एल पासो, मेसीया

एल पासोपर्यंत विमान आणि तिथून भाड्याची गाडी. रिओ ग्रांदेच्या काठानं पाऊण तासात लास क्रूसेस आणि त्याला लागून मेसीया. १८५३ च्या गॅड्सडन करारापर्यंत हे गाव मेक्सिकोत होतं. चौकात एका टोकाला चर्च, भोवती जाड मातीच्या भिंतींची बैठी घरं, सपाट छपरं. मामा गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाला, “ही तर आपली धाब्याची घरं.” आणि खरंच, भिंतीला हात लावला की आत पेंढा मिसळलेला दिसतो, तसाच. बाहेर चाळीस अंशांच्या जवळपास जाणारं ऊन असलं तरी आत थंडावा असणार हे भिंतीची जाडीच सांगते.

चौकाच्या कोपऱ्यावरच्या इमारतीत १८८१ च्या एप्रिलमध्ये बिलीवर खटला चालला. आज तिथे दुकान आहे. लिंकन काउंटीच्या झगड्यात (तो पुढे येईलच) दोन्ही बाजूंनी कितीतरी माणसं मेली, पण शिक्षा झाली ती या एकट्याला. १३ मे रोजी लिंकनमध्ये फाशी, असा निकाल लागला. वय एकवीस. न्यू मेक्सिकोचा गव्हर्नर लू वॉलेस यानं दोन वर्षांपूर्वी त्याला माफीचं आश्वासन दिलं होतं. त्याबदल्यात त्यानं साक्षही दिली होती. माफी आली नाही. तुरुंगातून त्यानं वॉलेसला पत्रं लिहिली, त्यांचाही उपयोग झाला नाही. हा भाग चित्रपटात आहे आणि बराचसा खरा आहे. तो वाचताना मला आजही राग येतो.

जेवायला बसलो तर वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, लाल की हिरवी? न्यू मेक्सिकोत हा प्रश्न मिरचीच्या रश्शाबद्दल असतो आणि दोन्ही हवं असेल तर ‘ख्रिसमस’ म्हणायचं. दारावर लाल मिरच्यांच्या माळा टांगलेल्या होत्या. मामानं एक मिरची बोटांत चुरून वास घेतला आणि “रंग ब्याडगीचा आहे,” एवढं बोलून लाल मागवली.

संध्याकाळी लास क्रूसेसच्या मेसॉनिक दफनभूमीत पॅट गॅरेटची कबर पाहिली. बिलीला मारल्यावर सत्तावीस वर्षांनी, २९ फेब्रुवारी १९०८ ला, याच गावाबाहेरच्या रस्त्यावर त्यालाही गोळी घालून मारलं. ज्यानं गुन्हा कबूल केला तो निर्दोष सुटला. कबरीपाशी आमच्याशिवाय कोणी नव्हतं.

दुसरा दिवस : पांढरी वाळू, मेस्कलेरो

खटल्यानंतर बिलीला बेड्या घालून, पहाऱ्यात, ज्या बाजूनं लिंकनकडे नेलं त्याच बाजूनं आम्ही निघालो. सान ऑगस्टिन खिंड चढून वर आलो की पलीकडे तुलारोसाचं खोरं उघडतं आणि तळाशी लांब पांढरी रेघ दिसते. ते व्हाइट सँड्स. सुमारे सातशे चौरस किलोमीटर जिप्समच्या टेकड्या. ‘यंग गन्स २’ मधली काही दृश्यं इथे टिपलेली आहेत. चित्रपट सुरू होतो १९५० मध्ये. एक म्हातारा सांगतो की मीच बिली द किड, गॅरेटनं मला मारलंच नाही, आणि आता मला माफी हवी आहे. असा म्हातारा खरोखर होता, ब्रशी बिल रॉबर्ट्स. त्याच वर्षी तो न्यू मेक्सिकोच्या गव्हर्नरला भेटला, गव्हर्नरनं त्याला हाकलून लावलं आणि महिन्याभरात तो टेक्ससमध्ये वारला.

मामानं बूट काढले. ऊन कडक होतं, पण जिप्सम तापत नाही, पायाला गार लागतं. त्यानं मूठभर उचलून तळहातावर पसरलं. दाणे बारीक होते, पिठीसाखरेसारखे, आणि बोटांच्या रेषांत बसत होते. मी सांगितलं की हेच जिप्सम भाजलं की प्लॅस्टर ऑफ पॅरिस होतं. मामानं तळहाताकडे पुन्हा पाहिलं. “म्हणजे गणपती,” तो म्हणाला, आणि हात झटकण्याऐवजी खाली वाकून ते हळूच जमिनीवर सोडलं.

अलामोगोर्डो, तुलारोसा मागे टाकून रस्ता डोंगरात शिरतो. पांढऱ्या वाळवंटातून तासाभरात देवदारांत. हा मेस्कलेरो अपाची या मूळ रहिवासी जमातीचा मुलूख. इथे ब्लेझर्स मिलपाशी ४ एप्रिल १८७८ ला चकमक झाली होती आणि बिलीच्या टोळीचा म्होरक्या डिक ब्रूअर इथेच पडला. तीन वर्षांनी बेड्या घातलेल्या बिलीला पहारेकऱ्यांनी याच ठिकाणावरून नेलं. आपली माणसं जिथे मेली तिथून कैदी म्हणून जायचं! मामा खिडकीतून बराच वेळ बाहेर पाहत होता. मेस्कलेरो लोकांचं नाव या प्रवासात पुन्हा येणार होतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

मुक्काम रुइडोसोला. रात्री थंडी पडली आणि मामाचा गुडघा धरला.

तिसरा दिवस : लिंकन, २८ एप्रिल

लिंकन म्हणजे एक रस्ता. दोन्ही बाजूंना जुनी घरं, मागे बोनिटो नदीचा बारीक प्रवाह, वर डोंगर. नवं बांधकाम जवळजवळ नाही. जगात जुनी गावं पुष्कळ आहेत, पण घडलेली गोष्ट पावलांनी मोजता येईल इतकं जसंच्या तसं राहिलेलं गाव मी दुसरं पाहिलेलं नाही.

झगडा काय होता ते इथे आल्यावर नीट कळतं. मर्फी आणि डोलन यांचं मोठं दुमजली दुकान रस्त्याच्या पश्चिम टोकाला. लोक त्याला ‘द हाउस’ म्हणत. शेतकऱ्याला उधारीवर माल द्यायचा, पीक आलं की आपल्याच भावानं घ्यायचं, जवळच्या फोर्ट स्टँटनमधल्या फौजेला मांस पुरवायचं कंत्राटही आपल्याच हातात. सावकारीच ती. तेव्हाचा शेरीफही त्यांच्या बाजूचा. १८७७ मध्ये जॉन टन्स्टॉल नावाच्या इंग्रज तरुणानं त्याच रस्त्यावर दुसरं दुकान टाकलं. १८ फेब्रुवारी १८७८ ला त्याला रानात गाठून मारलं. पहिल्या ‘यंग गन्स’मध्ये तो पिकल्या केसांचा, पोरांना बापाच्या जागी असलेला दाखवलाय. प्रत्यक्षात तो अवघा चोवीस वर्षांचा होता. त्याच्याकडे नोकरीला असलेली पोरं सूड घ्यायला निघाली, त्यांतलं एक पोर बिली.

टन्स्टॉलचं दुकान आजही उभं आहे. फळ्या, काउंटर, डबे, बाटल्या. मामा आत शिरला आणि एकदम गप्प झाला. तो दुकानदार माणूस. काउंटरच्या लाकडावरून त्यानं नजर फिरवली, मग वरची फळी पाहिली. “नवीन दुकान टाकलं म्हणून मारला,” तो म्हणाला. त्याचं स्वतःचं दुकान केबल आल्यावर बंद पडलं होतं. त्याबद्दल तो काही बोलला नाही आणि मीही विचारलं नाही.

पुढे दगडी गोल बुरूज, तोरेऑन. पुढे टन्स्टॉलचा भागीदार वकील मॅक्स्वीन याच्या घराची मोकळी जागा. १८७८ च्या जुलैत डोलनच्या माणसांचा पाच दिवस वेढा पडला, शेवटी घर पेटवलं आणि अंधारात पोरं नदीकडे पळाली. त्या रात्री इहिनियो सालाझार नावाचा कोवळा पोरगा गोळ्या लागून पडला आणि मेल्याचं सोंग घेऊन वाचला. त्याचं नाव लक्षात ठेवा.

आणि मग ‘द हाउस’. गंमत नव्हे, दुर्दैव असं की मर्फी-डोलनचं दिवाळं वाजल्यावर काउंटीनं तीच इमारत विकत घेतली आणि तिथे कोर्ट केलं. म्हणजे ज्या दुकानाविरुद्ध बिली लढला त्याच दुकानाच्या माडीवर त्याला फाशीसाठी ठेवलं.

२८ एप्रिल १८८१. गॅरेट कर भरून घ्यायला व्हाइट ओक्सला गेलेला. पहाऱ्यावर दोघे : जेम्स बेल, जो बिलीशी माणुसकीनं वागायचा, आणि बॉब ओलिंगर, जो त्याला डिवचायचा. दुपारी ओलिंगर बाकीच्या कैद्यांना घेऊन रस्त्यापलीकडच्या खाणावळीत जेवायला गेला. बिलीनं शौचाला जायचं म्हटलं. परत येताना जिन्यावर काहीतरी झालं. कोणी म्हणतं शौचालयात त्याच्यासाठी पिस्तूल लपवलेलं होतं, कोणी म्हणतं त्यानं बेडीतून हात सोडवून बेलचंच पिस्तूल ओढलं. चित्रपटानं पहिली गोष्ट घेतली आहे. बेल मेला. आवाज ऐकून ओलिंगर धावत आला, तोवर बिली ओलिंगरचीच दुनळी बंदूक घेऊन खिडकीत उभा होता. चित्रपटात त्या बंदुकीत दहा-दहा सेंटची नाणी भरलेली आहेत. ते रचलेलं आहे. खऱ्या बंदुकीत छर्रे होते.

जिना अजून तोच आहे. खाली भिंतीत एक भोक आहे, काचेखाली जपून ठेवलेलं. गोळीचं, असं सांगतात. मामा गुडघा धरून एकेक पायरी चढला. माडीवरच्या त्या खिडकीत उभं राहिलं की खाली रस्ता, पलीकडे खाणावळीची जागा. अंतर इतकं थोडं आहे की ओलिंगरला वर पाहायलाही फुरसत मिळाली नसेल.

आता पुढचं. इथेच मामा आणि मी तासभर बसलो, कारण हा तास चित्रपटात नाही. दोन माणसं मारून बिली लगेच पळाला नाही. गॉस नावाच्या म्हाताऱ्या आचाऱ्याकडून त्यानं छोटी कुदळ मागून घेतली आणि बेड्या तोडत बसला. एकच पाय सुटला. दुसऱ्या पायाची साखळी त्यानं कमरेला अडकवली. गावातले लोक रस्त्यावर उभे होते, कोणी पुढे आलं नाही. घोडा आणला, तो साखळीच्या आवाजानं बुजला, पुन्हा आणला. बिली लोकांशी बोलला, हात मिळवले, घोडा परत पाठवतो म्हणाला, आणि सगळं मिळून जवळपास तासाभरानं गावाबाहेर पडला. घोडा पुढे खरंच परत आला.

“ज्याला पळायचंय तो घोडा परत पाठवायचं कबूल करेल का?” मामानं विचारलं.

तो गेला कॅपिटन डोंगराच्या पलीकडे, लास ताब्लासला, इहिनियो सालाझारकडे. तोच, मेल्याचं सोंग घेतलेला. सालाझारनं त्याला परोपरीनं सांगितलं, मेक्सिकोला जा. बिलीला स्पॅनिश मातृभाषेसारखं येत होतं, तिकडे तो सहज खपून गेला असता. सीमा दक्षिणेला. तो गेला ईशान्येला, फोर्ट समनरला, जिथे त्याला पोरंटोरंसुद्धा ओळखत होती.

गावाच्या दफनभूमीत सालाझारची कबर आहे. त्याच्या दगडावर त्याची एकच ओळख कोरली आहे : बिली द किडचा सोबती.

चौथा दिवस : रॉझवेल, फोर्ट समनर

होंडोच्या खोऱ्यातून सफरचंदांच्या बागा ओलांडून रॉझवेल. तिथे १९४७ च्या उडत्या तबकडीचा बाजार आहे, त्यात आम्हाला रस नव्हता. जॉन चिझम या गुरांच्या मालकाचा पुतळा तेवढा पाहिला. ‘यंग गन्स २’ मध्ये त्याचं काम जेम्स कोबर्ननं केलंय आणि हाच कोबर्न १९७३ च्या एका चित्रपटात पॅट गॅरेट झाला होता. मामाला हे पाठ होतं.

रॉझवेलच्या उत्तरेला सव्वाशे-दीडशे किलोमीटर काहीच नाही. गवत, तारांचं कुंपण, वारा. गाडी ढकलली जात होती. या माळरानावर १८८० च्या डिसेंबरात, बर्फात, गॅरेट बिलीच्या मागावर होता. १९ डिसेंबरला फोर्ट समनरमध्ये बिलीचा साथीदार टॉम ओफॉलियार्ड पडला, २३ ला स्टिंकिंग स्प्रिंग्सच्या दगडी खोपटाच्या दारात दुसरा साथीदार चार्ली बाउड्री पडला आणि बिलीसह बाकीचे शरण आले. चित्रपटात याच वेढ्यात टोळीतला डॉक स्करलॉक मरतो. डॉक झालेल्या किफर सदरलँडचा तो मृत्यू पाहून मी लहानपणी रडलो होतो. खरा डॉक त्याआधीच सगळं सोडून टेक्ससला गेला होता, संसार केला आणि १९२९ मध्ये म्हातारपणानं गेला. टोळीतला चावेस इ चावेसही विसाव्या शतकात बराच काळ जगला. हे मी गाडीत मामाला सांगितलं तेव्हा त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. “डॉक वाचला?” त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद झाला, तो मी विसरणार नाही. पस्तीस वर्षं तो त्या माणसाला मेलेला समजत होता.

म्हणजे वाट होती. जे टोळीतून वेळीच निघाले ते सुटले.

फोर्ट समनरची कबर लोखंडी पिंजऱ्यात आहे. मोठ्या दगडावर तिघांची नावं, बिली, टॉम, चार्ली, आणि वर एकच शब्द : ‘पॅल्स’, म्हणजे सोबती. पायथ्याचा लहान दगड १९५० मध्ये चोरीला गेला, १९७६ मध्ये टेक्ससात सापडला. १९८१ मध्ये पुन्हा गेला, कॅलिफोर्नियात सापडला. म्हणून आता त्याला लोखंडाच्या पट्ट्यांनी जखडलंय. मेल्यावरही बेड्या. ते पाहवत नाही. पेकोसच्या पुरात जुन्या खुणा वाहून गेल्या, त्यामुळे दगडाखाली नेमकं कोण आहे हे शपथेवर सांगता येणार नाही.

१४ जुलै १८८१ ला मध्यरात्रीच्या सुमारास बिली त्याच्या ओळखीच्या पीट मॅक्सवेलच्या घरी मांसाचा तुकडा कापून घ्यायला आला. हातात सुरी, पायात बूट नाहीत. अंधाऱ्या खोलीत पीटच्या पलंगापाशी गॅरेट बसलेला. बिलीनं स्पॅनिशमध्ये विचारलं, “किएन एस?” कोण आहे? दोन गोळ्या सुटल्या. गावातल्या बायकांनी त्याला सुताराच्या कामाच्या बाकावर निजवलं आणि भोवती मेणबत्त्या लावल्या. सकाळी पंचनामा झाला, तोही स्पॅनिशमध्येच लिहिला. या बायका कोण होत्या? ज्यांच्या घरी तो नाचायला, जेवायला जायचा त्या. त्या घरात देलुविना नावाची, नावाहो या मूळ रहिवासी जमातीतली एक बाई होती, लहानपणी पकडून आणलेली, मॅक्सवेलांकडे कामाला ठेवलेली. तिचा त्याच्यावर जीव होता. चित्रपटात या बायकांना जागा मिळालेली नाही, आणि मला वाटतं तिथेच तो कमी पडतो. बिली मेक्सिकोला का गेला नाही याचं उत्तर त्यांच्याकडे होतं. ज्याची आई पंधराव्या वर्षाच्या आत गेली आणि ज्याला सावत्र बापानं वाऱ्यावर सोडलं, त्याला रात्री दार उघडणारी घरं याच गावात होती.

पिंजऱ्याच्या आत लोकांनी नाणी टाकली होती. मामानं खिशातून दहा सेंटचं एक नाणं काढलं, गजांमधून हात घालून टॉमच्या नावापुढे ठेवलं. मग दुसरं, चार्लीसाठी. बिलीसाठी ठेवताना त्याचा हात पुरेना, म्हणून मी ठेवलं.

पाचवा दिवस : बोस्के रेदोन्दो

निघायचं होतं, पण मामा म्हणाला की किल्ल्याची मूळ जागा पाहू. जवळच एक स्मारक आहे, बोस्के रेदोन्दो. आम्हाला त्याची कल्पना नव्हती.

बिली इथे येण्याआधी फोर्ट समनर हा बंदिवास होता. १८६३ पासून अमेरिकन फौजेनं आधी मेस्कलेरो अपाचींना आणि मग आठ हजारांवर नावाहो लोकांना शेकडो किलोमीटर चालवत इथे आणून कोंडलं. पेकोसचं पाणी खारट, पीक अळीनं खाल्लं, सरपण संपलं. माणसं रोगानं आणि उपासानं मेली. ३ नोव्हेंबर १८६५ च्या रात्री मेस्कलेरो लोक अंधारात निघून गेले, जवळजवळ सगळेच, आपल्या डोंगरांकडे. ज्या देवदारांतून आम्ही दुसऱ्या दिवशी आलो तिकडेच. नावाहो मागे राहिले. १ जून १८६८ ला त्यांच्याशी करार झाला आणि ते आपल्या मुलखात परतले. रिकामा किल्ला पीट मॅक्सवेलच्या बापानं विकत घेतला, अधिकाऱ्यांच्या बंगल्याचं घर केलं. त्याच घरात बिली मेला.

स्मारकाच्या आवारात नावाहो लोकांनी आपल्या मुलखातून आणलेल्या दगडांची रास आहे. लाल, पिवळे, काळे, प्रत्येक वेगळा. एक नावाहो कुटुंब आलं होतं. आजीबाई काठी टेकत राशीपाशी गेल्या आणि नातवानं पिशवीतून अंजिराएवढा दगड काढून त्यांच्या हातात दिला. आम्ही लांबच थांबलो. मामानं टोपी काढली.

ते गेल्यावर आम्ही नदीकडे चालत गेलो. मॅक्सवेलचं घर उरलेलं नाही, पेकोसनं ती जागा कधीच खाल्ली. कॉटनवुडची झाडं आहेत, पानं नुकती फुटलेली, वाऱ्यात सळसळणारी. मामा दक्षिणेकडे तोंड करून उभा राहिला. तिकडे सीमा.

“किती लांब असेल?” त्यानं विचारलं.

“घोड्यावर आठवडाभर, मामा. जपून गेलं तर थोडं जास्त.”

“अडीच महिने होते त्याच्याकडे,” मामा म्हणाला.

मग गुडघ्यावर हात दाबत तो वळला आणि आम्ही गाडीकडे निघालो.